पाने जोरदार, निकाल मामुली: ब्रिजमधल्या पहिल्या बोलीच्या बिघाडाची क्रमवार तपासणी

लक्षणे

या बिघाडाचे सर्वांत ठळक लक्षण असे: खेळाडूकडे २३ गुणांची (एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १) पाने असतात, तो १ इस्पिक म्हणतो, म्हणजे इस्पिक हुकूम धरून सात हात (चार पानांच्या फेऱ्या) जिंकण्याची बोली लावतो, बाकीचे तिघे एकामागोमाग पास म्हणतात आणि डमी, म्हणजे टेबलावर मांडलेली भिडूची पाने, उघडल्यावर दहा हात सहज निघतात. गुणपत्रिकेवर १७० लिहिले जातात. शेजारच्या टेबलावर तीच पाने ४ इस्पिकवर खेळली गेलेली असतात आणि जोडी व्हल्नरेबल (बोनस आणि दंड दोन्ही जास्त असलेली) असेल तर तिथे ६२० दिसतात. संघांच्या सामन्यात हा फरक १० इम्पचा (दोन टेबलांच्या गुणांतला फरक मोजण्याचे एकक) होतो.

दुसरे लक्षण याच्या नेमके उलट असते. पहिल्या प्रसंगाने पोळलेली जोडी पुढे १९ गुणांवर, किंवा एकाच लांब रंगाच्या जोरावर, २ किलवर, म्हणजे किलवरशी संबंध नसलेली, मोठी ताकद सांगणारी पहिली बोली, म्हणू लागते. भिडू त्या बोलीवर विश्वास ठेवून स्लॅमपर्यंत (बारा किंवा तेरा हातांच्या बोलीपर्यंत) जातो किंवा प्रतिस्पर्ध्यांची बोली फसेल असे मानून त्यांना डबल देतो, आणि दोन्हीकडे नुकसानच पदरी पडते. तिसऱ्या प्रकारात २ किलवरनंतर प्रतिस्पर्धी मध्ये उडी मारतात आणि आपला एकही खरा रंग सांगायच्या आत बोली पाचाच्या पातळीवर जाऊन पोहोचते. चौथ्यात २ किलवर, २ चौकट (भिडूचे नेहमीचे उत्तर, चौकटशी संबंध नसलेले), २ इस्पिक इथपर्यंत सारे सुरळीत चालते आणि मग भिडू पास म्हणतो. क्वचित एखादा भिडू शून्य गुण आणि सहा किलवर पाहून २ किलवरवरच पास म्हणतो. तो प्रसंग हसण्यावारी जातो, पण त्याचे मूळ वेगळे नसते.

ठाण्यात पाचपाखाडी-नौपाडा भागातल्या सोसायट्यांच्या सभागृहांत नव्याने खेळू लागलेल्या जोड्यांचे डाव मी बऱ्याच काळापासून तपासत आलो आहे. माझे मत असे झाले आहे की, खेळाडू गुण मोजून पहिली बोली लावतो, पण त्यानंतरची आपली दुसरी बोली काय असेल हे त्याने ठरवलेले नसते, आणि वरची बहुतेक लक्षणे तिथूनच उद्भवतात. त्यात भर म्हणजे अशी पाने फार दुर्मीळ असतात. २२ किंवा त्याहून अधिक गुण एका खेळाडूला साधारण २४० डावांतून एकदा मिळतात. एका बैठकीत २४ डाव खेळणाऱ्या जोडीत दोघांपैकी कोणाकडे तरी ती सरासरी पाच बैठकांतून एकदा येतात. जी बोली इतक्या दिवसांनी एकदा लागते, तिच्याविषयी ठरलेले लक्षात न राहणे स्वाभाविक आहे.

पुढील सर्व विवेचन आपल्याकडे सर्रास शिकवल्या जाणाऱ्या पद्धतीला धरून आहे. तीत एकाच्या पातळीवरची बोली सुमारे १२ ते २१ गुण दाखवते, २ नो ट्रम्प (हुकमाविना खेळण्याची बोली) म्हणजे २० ते २१ गुणांची समतोल पाने असतात, २ चौकट, २ बदाम आणि २ इस्पिक या दुबळ्या बोल्या असतात, आणि २ किलवर ही किलवरशी संबंध नसलेली, केवळ मोठी ताकद सांगणारी बोली असते.

तपासणी पहिली: पाने आणि पेटी

आधी विनाखर्चाची तपासणी उरकावी. पाने पाहण्यापूर्वी ती पालथीच मोजून तेरा आहेत याची खात्री करावी, असा नियमच आहे; मोठी पाने दिसू लागली की नेमके हेच विसरले जाते. त्यानंतर बोलीच्या पेटीकडे, म्हणजे जिच्यातली कार्डे काढून बोली दाखवतात तिच्याकडे, पाहावे. पेटीत २ किलवरच्या अलीकडे १ नो ट्रम्प आणि पलीकडे २ चौकट असते. ठाण्याच्या पावसाळ्यात दमट झालेली कार्डे एकमेकांना चिकटतात आणि अंगठा एका कार्डाने जरी सरकला, तरी पद्धतीतल्या सर्वांत जोरदार बोलीच्या जागी सहा चौकटींची दुबळी बोली टेबलावर येते. हाताच्या चुकीने नको ते कार्ड निघाले असेल, तर भिडूने त्यापुढे बोली लावेपर्यंत डायरेक्टरच्या (खेळाच्या पंचाच्या) परवानगीने ते बदलता येते. मात्र मनात तीच बोली होती आणि नंतर विचार बदलला, असे असेल तर ती सवलत मिळत नाही.

तपासणी दुसरी: पाने समतोल आहेत का?

पाने समतोल असतील, म्हणजे एकही रंग शून्यावर किंवा एकावर नसेल आणि दोन पानांचा रंग फार तर एकच असेल, तर बहुतेक प्रश्न इथेच सुटतो. २० ते २१ गुणांना थेट २ नो ट्रम्प म्हणावे. २२ ते २४ गुणांना आधी २ किलवर आणि भिडूच्या २ चौकटनंतर २ नो ट्रम्प. २५ ते २७ गुणांना २ किलवर आणि नंतर ३ नो ट्रम्प. या शिडीतल्या प्रत्येक पायरीवर दुसरी बोली आधीच ठरलेली असते, म्हणूनच समतोल पानांवर गोंधळ कमी होतो.

गुणांच्या सीमेवर थोडे तारतम्य ठेवावे. इस्पिक एक्का, राणी, ४. बदाम राजा, गुलाम, ५. चौकट एक्का, राजा, ७, ३. किलवर राजा, राणी, ६ ही पाने मोजली तर २२ गुण भरतात, परंतु चार-तीन-तीन-तीन अशा रचनेत लांब रंगातून मिळणारा जादा हात नाही आणि मधल्या पानांत दहा-नऊ नाहीत. मी यांवर २ नो ट्रम्प म्हणतो. उलट २१ गुणांत पाच पानांचा भरीव रंग आणि दोन दहा असतील, तर ती पाने २२ची धरायला माझी हरकत नसते.

तपासणी तिसरी: तिघेही पास म्हणतील ही भीती खरी आहे का?

पत्त्यांच्या जोडात एकूण ४० गुण असतात. आपल्याकडे २१ असतील तर उरलेल्या तिघांत १९ वाटले जातात, म्हणजे प्रत्येकाकडे सरासरी सहाहून थोडे अधिक. सहा गुणांवर भिडू एकाच्या बोलीला उत्तर देतोच आणि प्रतिस्पर्ध्यांकडे लांब रंग असेल तर तेही गप्प बसत नाहीत. म्हणून भीतीचे मोजमाप गुणांपेक्षा रंगांवरून करावे. आपल्याकडे इस्पिक आणि बदाम मिळून दोनच पाने असतील, तर या दोन रंगांची उरलेली २४ पाने बाकीच्या तिघांकडे आहेत. अशा डावात १ किलवरवर सगळे पास म्हणण्याची शक्यता फारच थोडी असते. याउलट आपला लांब रंग इस्पिक असेल, तर आपल्यावर स्वस्तात बोली लावणे कोणालाच जमत नाही, आणि एकच राणी घेऊन बसलेला भिडू पास म्हणतो, जरी तीच राणी आपल्याला गेमसाठी (४ इस्पिकसारख्या, मोठा बोनस देणाऱ्या बोलीसाठी) हवी असते. त्यामुळे एवढ्याच ताकदीची इस्पिकची पाने २ किलवरला लवकर पात्र ठरतात आणि किलवरची उशिरा. नवख्या जोड्या दोन्हींना एकच माप लावतात, आणि पहिली दोन्ही लक्षणे त्यातूनच निर्माण होतात.

तपासणी चौथी: हात मोजा, तेही दोन प्रकारांनी

असमतोल पानांत गुण ही केवळ पहिली चाळणी असते. तिच्यानंतर, आपला रंग हुकूम झाला आणि भिडूकडून काहीही मदत मिळाली नाही तर आपण स्वतः किती हात करू, हे मोजावे. पुढील पाने घ्यावीत: इस्पिक एक्का, राजा, राणी, गुलाम, ९, ५, बदाम एक्का, राजा, ७, चौकट एक्का, ४, किलवर ८, ३. गुण २१ आहेत, परंतु इस्पिकचे सहा, बदामाचे दोन आणि चौकटीचा एक असे नऊ हात आपल्या हाती आहेत. भिडूकडे बदामाची राणी किंवा चौकटीचा राजा एवढे जरी असले तरी ४ इस्पिक होतात, आणि एवढ्यावर तो १ इस्पिकला उत्तर देणार नाही. ही पाने २ किलवरचीच आहेत.

आता दुसरी पाने पाहू: इस्पिक एक्का, राजा, राणी, गुलाम, १०, ९, ७, ४, बदाम ५, चौकट राजा, ८, ३, किलवर ६. इथेही इस्पिकचे आठ हात पक्के आहेत आणि चौकटीचा राजा नववा होऊ शकतो, म्हणून कित्येकांना २ किलवरचा मोह होतो. पण दुसरी मोजणी केली की फरक कळतो. प्रतिस्पर्ध्यांचा रंग हुकूम झाला तर झटपट मिळणारे हात किती, हे या मोजणीत पाहावे. एकाच रंगातले एक्का-राजा दोन हात, एक्का-राणी दीड, नुसता एक्का किंवा राजा-राणी एक आणि जोडीला लहान पान असलेला राजा अर्धा, असा हिशेब प्रचलित आहे. पहिल्या पानांत असे पाच हात भरतात. दुसऱ्यांत कागदावर अडीच दिसतात, पण रंग आठ पानांचा असल्यामुळे प्रत्यक्षात इस्पिकचा जेमतेम एक हात मिळतो. प्रतिस्पर्धी ५ बदामपर्यंत गेले आणि आपल्या २ किलवरवर भरवसा ठेवून भिडूने डबल दिला, तर तो डबल अंगाशी येतो. अशा पानांवर १ इस्पिक किंवा ४ इस्पिक म्हणावे. असमतोल पानांत झटपट मिळणारे चार हात नसतील तर २ किलवर म्हणू नये, हा दंडक मी शिकवताना पाळतो आणि त्याला अपवाद फार थोडे करतो.

तपासणी पाचवी: दुसरी बोली आधी ठरवा

कष्टाचा भाग इथून सुरू होतो, आणि माझ्याकडे येणारे निम्म्याहून अधिक बिघाड याच टप्प्यावर सापडतात. २ किलवर म्हणताना आपण ताकद सांगतो, रंग मात्र सांगत नाही. ताकदीची वार्ता देण्यासाठी एक संपूर्ण पातळी खर्ची पडते आणि आपला पहिला खरा रंग पुढच्या फेरीत, बहुधा दोनाच्या किंवा तीनाच्या पातळीवर येतो. एका रंगाच्या पानांना हा खर्च परवडतो, दोन रंगांच्या पानांना सहसा परवडत नाही आणि तीन रंगांच्या पानांना तर मुळीच नाही.

नौपाड्यातल्या एका बैठकीतली ही पाने पाहावीत: इस्पिक एक्का, बदाम ६, चौकट एक्का, राजा, गुलाम, ८, ४, किलवर एक्का, राजा, राणी, ९, ७, ३. खेळाडूने २ किलवर म्हटले, डावीकडून २ बदाम आले, भिडू पास, उजवीकडून ४ बदाम. आता त्याला पाचाच्या पातळीवर आपला पहिलाच रंग सांगायचा होता. त्याने ५ किलवर म्हटले आणि ती बोली तशीच राहिली. ४ नो ट्रम्पचा मार्ग होता, पण ती बोली एक्के विचारते की दोन रंग दाखवते, हे त्या जोडीने कधी ठरवलेलेच नव्हते. भिडूकडे अवघे दोन गुण होते, परंतु ते चौकटीच्या राणीचे होते आणि तिच्यासोबत १०, ६, २ ही पाने होती, किलवरची दोन. नॉन-व्हल्नरेबल असताना ६ चौकटचे ९२० मिळाले असते, तिथे बारा हात करूनही ४२० वर समाधान मानावे लागले.

तोच डाव १ किलवरने सुरू करून पाहावा. डावीकडून १ बदाम, भिडू पास, उजवीकडून ४ बदाम असेच घडले, तरी किलवर आधीच सांगून झालेले आहेत आणि त्यामुळे आता ४ नो ट्रम्पचा अर्थ चौकटसुद्धा आहे असा सहज लागतो. भिडू ५ चौकट म्हणतो. स्लॅम लागेलच असे नाही, पण तिचा विचार करण्यापुरती माहिती तरी टेबलावर आलेली असते.

चार-चार-चार-एक रचनेची पाने याहून अवघड असतात. इस्पिक एक्का, राजा, गुलाम, ५; बदाम ४; चौकट एक्का, राणी, गुलाम, ६; किलवर एक्का, राजा, ७, २. गुण २२ आहेत म्हणून हात आपोआप २ किलवरकडे जातो. पण भिडूने २ चौकट म्हटल्यावर पुढे काय? २ इस्पिकने पाच इस्पिक असल्याचे सांगितले जाते, ३ किलवर किंवा ३ चौकटने पाच किंवा अधिक पानांचा रंग, आणि २ नो ट्रम्पने समतोल पाने. यांतले एकही खरे नाही. मी इथे १ चौकट म्हणतो. बदाम कोणाकडे तरी आहेतच, त्यामुळे बोली पुन्हा आपल्याकडे येते. कधीतरी एखादा डाव १ चौकटवरच थांबेल, हा तोटा मला मान्य आहे.

चौकट किंवा किलवर हाच एकमेव लांब रंग असेल, तर दुसरी बोली तीनाच्या पातळीवर येते. २ किलवर, २ चौकट, ३ चौकट एवढे झाले की ३ नो ट्रम्पच्या आत भिडूसाठी ३ बदाम आणि ३ इस्पिक एवढ्याच दोन बोल्या उरतात. म्हणून चौकटीच्या पानांकडून मी इस्पिकच्या पानांपेक्षा स्वतःच्या बळावरचा एक हात अधिक मागतो.

तपासणी सहावी: भिडूची उत्तरे

इथपर्यंतच्या तपासण्या एकट्याने करता येतात. ही दोघांनी मिळून करावी लागते. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची नेरूळ लोकल पकडली तर ऐरोली-रबाळेपासून तुर्भ्यापर्यंतचा वेळ तिला पुरतो, आणि माझ्या ओळखीच्या एका जोडीने ती खरोखर तशीच उरकली. प्रश्न थोडेच आहेत. २ चौकट म्हणजे नुसते थांबून पाहणे, की दुबळी पाने? दुबळेपणासाठी २ बदाम हे वेगळे उत्तर ठेवले आहे का? ठेवले नसेल, तर २ किलवर, २ चौकट, २ इस्पिक यानंतर ३ किलवर म्हणजे ‘माझ्याकडे खरोखर काही नाही’ असा अर्थ घ्यायचा का? पास कुठे चालतो?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर एका कागदावर लिहूनच काढावे. बहुतेकांच्या पद्धतीत २ किलवरनंतर गेमच्या आत थांबता येत नाही आणि त्याला दोनच अपवाद असतात. पहिला, २ चौकटनंतर आलेले २ नो ट्रम्प. दुसरा, भिडूने दुसऱ्यांदा दुबळेपणा कळवल्यावर पुन्हा म्हटलेला तोच रंग, उदाहरणार्थ ३ इस्पिक. चौथ्या लक्षणाचा, म्हणजे २ इस्पिकवर आलेल्या पासचा, इलाज एवढाच आहे.

तपासणी सातवी: प्रतिस्पर्धी मध्ये आले तर

जोरदार पानांसमोर प्रतिस्पर्धी नेहमीपेक्षा अधिक धीट होतात, कारण गप्प बसून त्यांना काही मिळणार नसते. त्यांच्या बोलीवर भिडूच्या डबलचा आणि पासचा अर्थ ठरवून ठेवावा. डबल म्हणजे काहीच नाही आणि पास म्हणजे थोडेफार आहे, ही वाटणी प्रचलित आहे. याच्या उलट खेळणारेही आहेत. दोन्ही चालतात, मात्र एकाच टेबलावर दोघांनी वेगवेगळी धरलेली चालत नाही.

सहावी आणि सातवी तपासणी पक्की झाली का, हे घरी बसून पाहता येते. एका जोडातले चार एक्के आणि कोणतेही दोन राजे बाजूला काढावेत, म्हणजे २२ गुण झाले. उरलेले ४६ पत्ते पिसून त्यांतली सात पाने या सहांत मिसळावीत आणि बाकीची ३९ तिघांत वाटावीत. दोघांनी आपापली पाने पाहून फक्त बोली लावावी, डाव खेळू नये. पहिली बोली लावणाऱ्याने ती बोलण्याआधीच आपली दुसरी बोली कागदावर लिहून तो पालथा ठेवावा. ब्रिज बेस ऑनलाइनवर गुणांची अट घालून पाने वाटून घेण्याची सोय आहे. भिडू वाशीला आणि आपण ठाण्यात असलो तर ती उपयोगी पडते.

तपासणी आठवी: पद्धतच बदलावी का?

हा सर्वांत महाग उपाय आहे आणि तो सर्वांत आधी सुचवला जातो. प्रिसिजन पद्धतीत १६ किंवा त्याहून अधिक गुणांच्या जवळपास सर्व पानांची सुरुवात १ किलवरने होते, त्यामुळे जोरदार पानांना एक पूर्ण पातळी परत मिळते. ही पद्धत वापरून तैवानचा संघ १९६९च्या बर्म्युडा बोलमध्ये दुसरा आला, तेव्हा तिची ताकद निर्विवाद आहे. परंतु १६ गुणांची पाने २२ गुणांच्या पानांपेक्षा कितीतरी वेळा येतात, आणि म्हणून प्रतिस्पर्ध्यांच्या मध्यस्थीचा जो प्रश्न पाच बैठकांतून एकदा पडत होता, तो आता एका बैठकीत अनेकदा पडू लागतो. शिवाय १ चौकटपासून २ किलवरपर्यंतच्या साऱ्या बोल्यांचे अर्थ नव्याने पाठ करावे लागतात. सातव्या तपासणीत अडकलेल्या जोडीने प्रिसिजनकडे वळू नये, असे मी स्पष्टपणे सांगतो.

कुठे थांबावे आणि कोणाला बोलवावे

टेबलावर असताना स्वतः दुरुस्ती करू नये, असे प्रसंग ठरलेले आहेत. पाने बारा किंवा चौदा निघाली, पेटीतून भलतेच कार्ड बाहेर आले, किंवा भिडूने आपल्या बोलीचा चुकीचा अर्थ प्रतिस्पर्ध्यांना सांगितला, तर डायरेक्टरला बोलवावे. चुकीच्या अर्थाच्या बाबतीत एक पथ्य आहे: बोली चालू असताना आपण भिडूला दुरुस्त करायचे नाही, चेहऱ्यावरही काही दाखवायचे नाही, आणि त्याने सांगितलेला अर्थ ऐकून आपल्या बोल्या बदलायच्या नाहीत. करार (शेवटची बोली) आपल्या बाजूचा झाला तर शेवटच्या पासनंतर आणि पहिले पान उतरण्यापूर्वी डायरेक्टरला बोलावून खरा अर्थ सांगावा. आपण बचाव करत असू तर डाव संपल्यावर. भिडूने २ चौकट म्हणायला बराच वेळ घेतला, तर त्या विलंबातून काढलेला निष्कर्षही वापरता येत नाही.

टेबलाबाहेरची मर्यादा वेगळी आहे. वर सांगितलेल्या सरावात दोघांनी ठरवलेले एकसारखेच आहे, कागदावरची दुसरी बोली प्रत्यक्ष बोलीशी जुळते आहे आणि तरीही स्पर्धेत निकाल बिघडतच आहेत, असे दिसले तर पद्धतीत आणखी भर घालणे थांबवावे. तिथून पुढे दोष बोलीच्या अर्थात नसून पानांच्या मोलमापनात असतो, आणि तो स्वतःला दिसत नाही. अशा वेळी मानधन घेऊन शिकवणाऱ्या अनुभवी प्रशिक्षकाकडे जावे, आणि जाताना केवळ तक्रार घेऊन न जाता बिघडलेल्या डावांची चारही बाजूंची पाने, बोलीचा पूर्ण क्रम आणि कोण व्हल्नरेबल होते याची नोंद सोबत न्यावी. छापील डावपत्रिका मिळत असेल तर तिच्याच मागे बोली लिहून ठेवणे सोयीचे पडते.